कोथिंबिरीची ॲलर्जी

अमेरिकेतली हॉटेलं मला बाहेरून जास्त माहीत आहेत. कुठल्या हॉटेलाच्या पार्किंगमध्ये दुपारी एकला सावली असते, कुठल्याच्या दारापाशी बाक आहे, कुठल्याच्या मागे कचऱ्याच्या पेट्या आहेत आणि कुठल्याच्या मागे गवत, हे मी आजही डोळे मिटून सांगेन. आत काय चांगलं मिळतं ते मात्र विचारू नका. आतलं जेवण मी बहुतेक वेळा थर्मोकोलच्या डब्यातून, घरी आणून, गार झालेलं खाल्लं आहे.

आम्ही डॅलसजवळ अर्विंगला राहायचो. मी सॉफ्टवेअरमध्ये, बायको माझ्या व्हिसावर आलेली, म्हणून तिला नोकरीची परवानगी नाही, आणि एक मुलगी. मुलगी पाच वर्षांची होती तेव्हाची ही हकिगत. तोवर तीन वर्षं मी आणि बायको हॉटेलात एका टेबलावर बसून एकही जेवण पुरं जेवलो नव्हतो. आम्ही पाळीपाळीनं जेवायचो. एक जण आत भराभरा घास गिळतोय आणि दुसरा बाहेर मुलीला कडेवर घेऊन गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचून दाखवतोय. मग अदलाबदल. दाराशी भेट झाली की एकमेकांना 'डाळ बरी आहे, पनीर घेऊ नकोस' एवढं सांगायचो.

मग हॉटेलात जायचंच कशाला, असं कोणी विचारेल. मीही विचारलं होतं, मोठ्या तोंडानं. बायको म्हणाली, "तू रोज ऑफिसात माणसांत बसून जेवतोस. मी आठवडाभर सिंकपाशी उभी राहून जेवते. मला एक दिवस दुसऱ्या कोणीतरी केलेलं गरम गरम खायचंय. बसून." शनिवार आला की मी निमूट गाडीची किल्ली घ्यायचो.

हॉटेल काढणाऱ्यांनी आमच्या मुलीला छळायचा विडाच उचलला होता, असं मला तेव्हा वाटायचं. दारात नाव सांगितलं की हातात एक जाड चकती देतात. जागा झाली की ती थरथरते आणि तिच्यावर लाल दिवे नाचतात. बाकीची पोरं त्या चकतीसाठी भांडतात. आमची मुलगी ती बघूनच भिंतीला चिकटायची. आत शिरावं तर कोणाचा तरी वाढदिवस निघायचा आणि पाच-सहा वेटर टाळ्या पिटत, बेसूर ओरडत केक घेऊन यायचे. बाथरूममध्ये हात वाळवायचं यंत्र, त्याचा आवाज विमानाचा. त्यातून टेक्सास म्हणजे फहितांचा देश. तापल्या लोखंडी तव्यावर मिरच्या आणि मांस चरचरत, धूर सोडत सगळ्या हॉटेलभर मिरवत नेतात, जणू वरात निघाली आहे. तो तवा शेजारच्या टेबलावर जरी आला, तरी आमचं जेवण संपलं म्हणून समजा.

या सगळ्यातून पार पडलो तर खाण्याचा प्रश्न. तिला भात लागायचा आणि तो पांढरा लागायचा. पांढरा म्हणजे पांढरा. जिऱ्याचा दाणा नको, पिवळा थेंब नको, हिरवं पान नको. भाताला दुसरं काही लागता कामा नये. दही वेगळ्या वाटीत आणि ती वाटी ताटलीपासून चार बोटं लांब. हे जमलं तर ती खाली मान घालून, सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवायची. नाही जमलं तर टेबलाखाली जायची, कान दाबून किंचाळायची, ओकाऱ्या काढायची, चेहरा लालबुंद करून घ्यायची. तो हट्ट नव्हता. हट्टी मूल मध्येच एका डोळ्यानं बघून घेतं, आईबाप विरघळले का म्हणून. ही कोणाकडेच बघायची नाही.

हे कळायला मला वेळ लागला, हेही सांगून टाकतो. आमच्या घरात पानात पडेल ते मुकाट्यानं खायचं, ही शिस्त. सुरुवातीला मी तिला दोनदा दटावून, हात धरून वरणभात भरवला. दोन्ही वेळा ती माझ्या अंगावर ओकली आणि दुसऱ्या वेळेनंतर चार दिवस तिनं भातालाही तोंड लावलं नाही. त्या चार दिवसांत बायको माझ्याशी कामापुरतं बोलली.

हॉटेलात आरडाओरडा सुरू झाला की अमेरिकन माणसं ताटात बघतात. इतक्या मन लावून बघतात, की ताटात काहीतरी लिहिलंय असं वाटावं. आपली माणसं ताटात बघत नाहीत, ती उठून येतात. 'एक दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल.' 'आमच्या वेळी नव्हते हे लाड.' 'भाऊ नाही ना, म्हणून एकलकोंडी झाली आहे.' मला दोन्ही जातींचा सारखाच संताप यायचा. बघितलं तरी राग, नाही बघितलं तरी राग. मी त्या दिवसांत एकंदरीत फार वाईट माणूस होतो. बिलावर सही करताना पेन मोडायचो.

ती तीन वर्षांची असताना एका डॉक्टरीणबाईंनी तिला दोन दुपारी बसून निरखलं आणि आम्हाला शब्द सांगितला, ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, हे बायकोनं शोधून काढलं. मला तो शब्द ऐकून आणखीच चीड आली. स्वमग्न म्हणजे जणू कोणी नदीकाठी डोळे मिटून बसलाय. हा शब्द ज्यानं काढला, त्यानं एकदा आमच्याबरोबर बुफेला यावं.

बायको त्या दिवशी गाडीत रडली आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन कामाला लागली. मी रडलो नाही आणि कामालाही लागलो नाही. मी फक्त ठरवलं, की हे कोणाला सांगायचं नाही. ऑफिसात नाही, मराठी ग्रुपमध्ये नाही आणि पुण्याला आईबाबांना तर मुळीच नाही. कारणं माझ्याकडे ढिगानं होती. बाबांचं ब्लडप्रेशर, आईचा काळजी करण्याचा स्वभाव, मुलीची जात, पुढे लग्नाबिग्नाचं बघायचं, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायचं. बायको एकेक कारण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे सगळं ठीक. खरं कारण सांग." खरं कारण मी तिलाही सांगितलं नाही. आईला सांगितलं की ते खरं होईल, असं मला वाटत होतं. तोवर ते इंग्रजीत होतं आणि एका फायलीत होतं.

मग एका शनिवारी मला ॲलर्जी सापडली.

एका मेक्सिकन हॉटेलात आम्ही साधा भात मागितला. आला तो कोथिंबीर भुरभुरवलेला. मी म्हटलं, कोथिंबीर नको. वेटर हसत ताटली घेऊन गेला आणि वरची पानं चमच्यानं काढून तीच परत घेऊन आला. शितांत हिरवे तुकडे तसेच. मुलगी खुर्चीत मागे सरकायला लागली. मी पुन्हा म्हटलं, नको म्हणजे अजिबात नको. तो म्हणाला, यू कॅन जस्ट पिक इट आउट. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि तोंडातून निघून गेलं, "शी इज ॲलर्जिक!"

काय सांगू, जादू झाली. वेटरचा चेहरा पडला. मॅनेजर धावत आला, त्यानं माझी माफी मागितली, माझी! स्वयंपाकघरात नवं भांडं काढलं, हातमोजे बदलले आणि पाच मिनिटांत शुभ्र, वाफाळता, कशालाही न लागलेला भात समोर आला. मुलगी जेवली. शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याकडे बघून सहानुभूतीनं हसली. तीन वर्षांत हॉटेलातल्या कुठल्याही माणसानं आमच्याकडे असं बघितलं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं, की मी टिप दुप्पट ठेवली.

त्यानंतर मी ती ॲलर्जी सगळीकडे वापरली. अमेरिकन हॉटेलात तिला तोड नव्हती. पण मराठी ग्रुपमध्येही कोणीतरी ऐकलं आणि मी 'नाही' म्हटलं नाही. मराठी माणसाला कोथिंबीर टाळायला सांगणं म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. पोह्यांवर ती, आमटीवर ती, उपम्यावर, भरल्या वांग्यांवर, कोशिंबिरीवर ती. तरी सगळ्यांनी टाळली. कोणाच्याही घरी जेवायला गेलो, की आमच्यासाठी झाकण लावलेला वेगळा डबा असायचा. एका घरी तळायला घेतलेल्या कोथिंबिरीच्या वड्या आम्ही आलो म्हणून परत फ्रीजमध्ये गेल्या. सगळे इतके चांगले वागत होते, की मला त्यांच्याशी नजर मिळवता येईना. मुलगी मात्र जेवायची नाहीच, कारण त्या डब्यात बिनकोथिंबिरीचा मसालेभात असायचा.

"तुला कळतंय का," बायको म्हणायची, "लोक मदत करायला तयार आहेत. तू त्यांना चुकीचं काम सांगतोयस."

मला कळत होतं. म्हणून तर मी तिच्यावर ओरडायचो.

ग्रुपमध्ये नागपूरचा एक मित्र होता, माझ्याच ऑफिसातला. त्याची आई सहा महिन्यांसाठी आली होती आणि पुढच्या आठवड्यात परत चालली होती. म्हणून शनिवारी दुपारी एका देशी हॉटेलात बुफेला जायचं ठरलं, आम्ही पंधरा-वीस जण. काकूंचा आमच्या मुलीवर जीव होता. त्या तिचे गालगुच्चे घेत नसत, 'नाव सांग, गाणं म्हण' करत नसत. नुसत्या शेजारी बसायच्या. मुलगी आकडे म्हणायला लागली की त्याही हळू आवाजात म्हणायच्या, वर्धेकडच्या हेलात.

जाताना गाडीत बायको म्हणाली, "आज सांग."

"आज नको. काकूंचा शेवटचा शनिवार आहे."

"मागच्या वेळी दिवाळी होती, त्याच्या आधी कोणाचं तरी प्रमोशन होतं. तुझा मुहूर्त निघतच नाही. आज तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन."

"तू नाही सांगायचं," मी म्हटलं. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. मागच्या सीटवर मुलगी पुढच्या ट्रकचा नंबर वाचत होती.

हॉटेलात शिरल्याबरोबर मी सवयीनं मॅनेजरला ॲलर्जी सांगितली. त्यानं ती कागदावर लिहून घेतली, आमच्या टेबलाच्या वेटरला बोलावून माझ्यासमोर बजावली. आतून पांढरा भात आला, दही वेगळं आलं. कोपऱ्यातली जागा मिळाली. काकू मुलीशेजारी बसल्या. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मी मनातल्या मनात बायकोला म्हटलं, बघ.

"जा, तुम्ही दोघं वाढून घ्या," काकू म्हणाल्या. "मी आहे ना इथं. सहा महिने पाहून राहिली मी, दोघं कधी संगं जेवतच नाही तुम्ही."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आजही आठवतं. आत्ता सांग, असं ते होतं.

"काकू, फक्त कोथिंबीर तेवढी नको," मी म्हटलं.

"माहीत आहे रे बाबा मला. जा तू."

आम्ही गेलो. दोघं, एका वेळी, हातात ताटं घेऊन. ऐकायला काही नाही यात. पण बुफेच्या रांगेत बायको माझ्या पुढे उभी होती आणि आम्ही नवीन लग्न झाल्यासारखे कुजबुजत होतो, की पालक पनीरमध्ये पनीर शोधायला माणूस लावायला पाहिजे. तिनं नानच्या टोपलीत हात घातला आणि चटकन मागे घेतला. "अरे, गरम आहे," ती म्हणाली आणि हसली. मी तिच्या ताटात दोन नान टाकले.

तेवढ्यात किंकाळी आली.

झालं होतं ते असं. तो कोरडा पांढरा भात काकूंना बघवेना. लेकराच्या घशात अडकेल म्हणून त्यांनी वाटीभर डाळ मागवली. डाळीवर कोथिंबीर होती. काकूंनी चष्मा लावला आणि एकेक पान बोटांनी उचलून पेपर नॅपकिनवर काढलं. एकही राहिलं नाही याची दोनदा खात्री केली. मग ती डाळ भातावर घातली, हातानं मऊ कालवली आणि घास पुढे केला.

मी पोचलो तेव्हा मुलगी टेबलाखाली होती. कान दाबलेले, चेहरा लालबुंद, घशातून उमासे येत होते, श्वास अडकत होता. आमच्यासाठी हे नेहमीचं होतं. वेटरसाठी नव्हतं. त्याला पंधरा मिनिटांपूर्वी माझ्यासमोर बजावलं होतं, की या मुलीला ॲलर्जी आहे, आणि आता ती मुलगी लाल होऊन गुदमरत होती. त्यानं योग्य तेच केलं. त्यानं फोन उचलून नऊ-एक-एक लावला.

मी टेबलाखाली गुडघ्यांवर होतो आणि तो हॉटेलाचा पत्ता सांगत होता, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण आमचा सगळा ग्रुप भोवती उभा होता, कान टवकारून, आणि मी ते वाक्य बोललो नाही. वाटलं, आधी हिला शांत करू, मग बघू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जी मुलगी हात वाळवायच्या यंत्राला घाबरते, तिच्यासाठी मी सायरन बोलावला. एक नाही, दोन. इथे रुग्णवाहिकेच्या आधी आगीचा बंब येतो. काचेतून लाल दिवे सगळ्या भिंतींवर फिरायला लागले. जाड बुटांची चार माणसं पेट्या घेऊन आत आली. मुलगी किंचाळायची थांबली आणि टेबलाच्या पायावर डोकं आपटायला लागली. बायकोनं मधे हात घातला. तिच्या हातावर डोकं आपटत राहिलं.

आलेल्यांत एक बाई होती. ती माझ्याशेजारी बसली आणि भराभर विचारू लागली. कशाची ॲलर्जी? किती वेळ झाला? आधी असं झालं होतं? बोलता बोलता तिनं पेटीतून इंजेक्शन काढलं आणि वरचं टोपण काढायला लागली.

"नो," मी म्हटलं. "तिला ॲलर्जी नाही."

ती थांबली. "सर, हॉटेलानं सांगितलंय की..."

"मी खोटं सांगितलं. तिला ऑटिझम आहे."

दोन वर्षं जे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं, ते अशा रीतीनं निघालं. आगीच्या बंबावरच्या एका अनोळखी बाईसमोर, गालिच्यावर ओणवं होऊन, वीस ओळखीची माणसं ऐकत असताना. त्या बाईनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिनं इंजेक्शन पेटीत ठेवलं. मागे वळून सांगितलं, ट्रकचे दिवे बंद करा, तुम्ही तिघं बाहेर जा, हॉटेलात लागलेलं गाणं बंद करा. मग ती स्वतः जमिनीवर आडवी झाली, मुलीपासून हातभर लांब, आणि नुसती पडून राहिली. मुलगी हळूहळू आपटायची थांबली. मला हायसं वाटायला हवं होतं. मला फक्त त्या बाईचा राग आला, की हिला दहा मिनिटांत जे सुचलं ते मला पाच वर्षांत का सुचलं नाही.

मी टेबलाखालून बाहेर आलो. मित्र म्हणाला, "अबे यार, तू..." बाकीचे आपापली ताटं बघत होते, आपली माणसं, पहिल्यांदाच.

काकूंना काहीच कळलं नव्हतं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालेलं. त्या खुर्चीत बसून होत्या आणि जो जवळ येईल त्याला हातातला नॅपकिन उघडून दाखवत होत्या. "पाहा ना, सारी काढली होती. एक पान नव्हतं ठेवलं. मी चष्मा लावून पाहिलं." आपल्या हातून लेकराला विष गेलं, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं आणि माझ्यापुढे हात जोडले.

त्या बाईला दोन सेकंदांत सांगितलेलं मराठीत सांगायला जीभ उचलेना. मी नुसता "काकू, काकू" करत राहिलो. शेवटी बायको आली. एका हातावर डोकं आपटल्याचे लाल वळ होते. ती काकूंच्या पायाशी बसली, त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि सगळं सांगितलं. शब्द सांगितला, त्याचा अर्थ सांगितला, भाताला डाळ लागली की काय होतं ते सांगितलं. कोथिंबिरीचं काय ते सांगितलं. मी ऐकत होतो.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं.

"काहून नाही सांगितलं रे मला?" त्या म्हणाल्या. "तू कोथिंबीर सांगितली, मी कोथिंबीर काढली. तू सांगितलं असतं तर हातच नसता लावला मी तिच्या भाताला."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय होती.

परत येताना मुलगी गाडीत मागे झोपली होती. घराच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर बायको उतरली नाही. "काकूंना मी सांगितलं," ती समोर बघत म्हणाली. "आईंनाही मीच सांगू का?"

संध्याकाळी आठ वाजता, बाहेर अजून उजेड होता, मी कॉलिंग कार्डवरचा लांबलचक नंबर फिरवला. मुलगी उठल्यापासून कोरड्या बाथटबमध्ये बसून होती. बायको दारात तिच्यासाठी ताटली घेऊन बसली होती. पांढरा भात, दही वेगळं. ताटलीला हात लागला नव्हता. पुण्यात रविवारची सकाळ, साडेसहा वाजलेले. आईनंच फोन उचलला. मागे चहाचं आधण उकळत असावं.

मी सांगितलं. शब्द सांगितला. आई म्हणाली, "अरे, काही नसतं तसलं. मोठी झाली की होईल नीट. तूही चार वर्षांचा होईपर्यंत कुठे बोलत होतास?"

"आई, ऐक," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "नाही होणार नीट. हे जाणारं नाही. दोन वर्षं झाली आम्हाला कळून."

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"दर रविवारी मी तुला विचारते, जेवली का," आई म्हणाली. "आणि तू दर रविवारी म्हणतोस, पोटभर."

"हो."

"ते खोटं?"

"हो."

आईनं विचारलं, "आज काय खाल्लं तिनं?"

"काही नाही," मी म्हटलं.